चुंबळीवरचा अंबाडा

काळुरामच्या पोरीच्या हळदीला मला जायचं होतं ते एकाच गोष्टीसाठी. आमच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते. कोलशेतच्या त्या नव्या बंगल्यात माझ्यासाठी तेवढीच जागा उरली आहे, आणि ती मी सोडणार नव्हते. काळुराम माझा पाठचा भाऊ. मी हळद लावताना चारचौघांत त्यानं एकदा म्हणावं, ही माझी बहीण मंजुळा, हिच्यामुळं मी शिकलो. बस. साठी उलटलेल्या बाईनं असला हट्ट धरू नये म्हणतात. मी धरला.

दुपारी कोपरीहून रिक्षानं पोचले तर आत रडारड. नवरीच्या, कृतिकाच्या, केसांसाठी रसिका नावाची पोरगी बोलावली होती. दोन बॅगा भरून सामान आणलं होतं तिनं, आणि अंबाड्याच्या आत घालायचं स्पंजचं कडं नेमकं घरी विसरली होती. कृतिकाचे केस कमरेखाली येतात, पण पातळ आणि सुळसुळीत. आत काही घातल्याशिवाय तिचा अंबाडा सुपारीएवढा होतो.

"मम्मी, वरून ड्रोन शूट करणारे ना! टॉपने मी टकली दिसेन!" कृतिका किंचाळली.

मी दारातच उभी होते. मला हसूही आलं आणि रागही.

"जुनं लुगडं हाय का घरात?" मी भावजयीला विचारलं.

"चिंध्या कुठं ठेवतो आम्ही आता, बाय," शेवंती म्हणाली. मग समई पुसायला ठेवलेला एक तुकडा तिनं देवघरातून आणून दिला. हिरवा, लाल काठाचा. माझ्या आईचं लुगडं होतं ते. या घरात भिंतीवर तिचा फोटोसुद्धा नाही, पण समई पुसायला आई चालते यांना. मी त्याची पट्टी फाडली.

पट्टीला पीळ दिला, बोटांभोवती गुंडाळली, टोक आत खोवलं. झाली चुंबळ, डोक्यावर ओझं घेताना पाटीखाली ठेवतात ती. कृतिकाचे केस वर उंच बांधले, त्यांचा झुपका चुंबळीच्या भोकातून ओढून घेतला, मग सगळीकडून सारखे पसरून चुंबळ झाकून टाकली. खालून दोऱ्यानं आवळलं आणि उरलेल्या टोकांचा पीळ भोवतीनं फिरवला. अंबाडा असा भरदार बसला की रसिकानं रडणं सोडून मोबाईल काढला.

"आंटी, काय हॅक आहे! परत करून दाखवा ना, मी रील टाकते. फक्त हात घेते हां तुमचे, चेहरा नको. कुठं शिकलात?"

"मिठागरात," मी म्हणाले.

"बाय!" शेवंतीनं डोळे वटारले. "नवऱ्याकडची मानसं बाहेर बसलीत."

बसू देत की! आमचा बाप गेला तेव्हा काळुराम शाळेत होता. त्याची शाळा सुटू नये म्हणून माझी सुटली. आईच्या मागून मिठाच्या पाट्या घेऊन मी खाडीच्या बांधावरून चालायचे. ओल्या मिठाचं पाणी चुंबळीत झिरपायचं आणि टाळू अशी चुरचुरायची की रात्री उशीला डोकं टेकवत नसे. आधी तिथले केस तुटले, मग यायचेच बंद झाले. आजही तळहाताएवढं गोल टक्कल आहे. काळुरामच्या डोक्यावर आम्ही एक पाटी चढू दिली नाही. पुढं आमच्या शेतावर टॉवर उभे राहिले, तो काळुरामशेठ झाला. मी हक्क सोडला, हसत सोडला. त्याचं मला काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू, वाटतं.

संध्याकाळी मांडवात डीजे, आणि स्टेजच्या मागं भिंतीएवढा पडदा. माईक काळुरामच्या हातात. येईल त्या पाहुण्याचं नाव घेऊन तो कौतुक करत होता. कुणाचं हॉटेल, कुणाची गाडी, सगळं त्याला पाठ. पहिली हळद लावायची वेळ झाली तेव्हा मला म्हणाला, "आत्या, या."

मी पायरी चढणार तोच शेवंती कानाशी आली. "बाय, डोक्यावर पदर घ्या. वरून ड्रोन हाय. टालू दिसते."

हळू बोलली, पण शेजारी नवऱ्यामुलाची आई होती, तिनं ऐकलं. अंगाची लाही लाही झाली माझ्या. तरी पदर घेतला. पोरीची हळद होती, तमाशा नको.

कृतिकाच्या दोन्ही गालांना हळद लावली. ती पाया पडायला वाकली आणि वाकता वाकता म्हणाली, "आत्या, डोक्याला हात नको हां, अंबाडा हलेल."

आशीर्वादाचा हात तसाच वर राहिला. तेवढ्यात ड्रोन खाली उतरला आणि त्याच्या वाऱ्यानं माझा पदर घसरला. सावरता आला असता. मी नाही सावरला.

सगळे पडद्याकडं बघत होते म्हणून मीही वळले. पडद्यावर वरून घेतलेली दोन डोकी होती. एकावर काळाभोर गोल अंबाडा, भोवती मोगरा. दुसऱ्यावर गोल टक्कल. दोन्ही गोल एका मापाचे. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

मी काळुरामकडं पाहिलं. ते काय आहे हे त्या मांडवात त्याला एकट्याला नीट माहीत होतं. आई माझ्या टाळूला खोबरेल लावायची तेव्हा कंदील धरून तोच बसायचा. "बाय, लय दुकतं का?" विचारायचा. आत्ताही त्याचे डोळे पडद्यावर खिळले होते. मग त्यानं माईक तोंडाशी नेला. मला वाटलं, आता बोलेल.

"ए ड्रोनवाल्या," तो म्हणाला, "नवरीवर घे ना कॅमेरा. भलतंच काय दाखवतंस?"

कॅमेरा सरकला. पडदाभर नुसता अंबाडा आला. काय सुंदर बसलाय, म्हणत बायकांनी टाळ्या वाजवल्या. काळुरामनं माईक काखेत धरला आणि त्यानंही वाजवल्या.