फुगलेला वॉशर

थोरल्या दिराची गाडी क्रेनने तिच्या दुकानासमोर आणून टाकली, तेव्हा तिला इतका आनंद झाला की तोंड फिरवावं लागलं. चारही चाकं तापलेली, ब्रेक आवळून बसलेले. जवळपास ब्रेकचं दुसरं दुकान नव्हतं, दिराच्या स्वतःच्या गॅरेजातही आता ते काम कुणी करत नव्हतं, नाहीतर दीर कसला येतोय.

सात वर्षांपूर्वी दिराच्याच गॅरेजातली एक गाडी अशीच ब्रेक अडकून घसरली आणि भिंतीवर आदळली होती. सगळ्या कारागिरांसमोर दीर म्हणाला, धाकट्याने हलकं रबर घातलं. धाकटा म्हणजे तिचा नवरा, मुळातच अबोल. त्याने हत्यारं खाली ठेवली ती कायमची. आता तो एका गोदामाच्या फाटकावर बसतो आणि घरातला गळका नळसुद्धा उघडून बघत नाही. तिने मात्र त्या गाडीच्या ब्रेकमधला रबराचा एक वॉशर कचऱ्यातून उचलला होता, फुगून बेढब झालेला. तो बरणीत ठेवून ती रबराचं काम शिकली. पोटासाठी शिकले, असं लोकांना सांगायची.

तिने ब्रेकच्या टाकीचं झाकण काढलं. आतलं रबर फुगून लोंबत होतं. टाकीतले दोन थेंब तिने पाण्याच्या पेल्यात सोडले. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. इथे वर तवंग आला.

“भाऊजी, यात काय ओतलंत?”

“इंजिनाचं तेल. कमी दिसलं की मीच टाकतो, पहिल्यापासून. तेल ते तेल, त्यात काय एवढं?”

“ब्रेकच्या रबराला ते सोसत नाही. फुगतं आणि अडकतं.” तिने बरणी त्याच्यासमोर ठेवली. “हाही असाच फुगलेला. त्या गाडीतला.”

दिराचा चेहरा पडला. त्याने बरणी बाजूला सरकवली.

“झालं गेलं. तू आपली गाडी कर.”

ती खणाशी गेली. खणात दोन जातींचे वॉशर होते, दिसायला सारखेच काळे. एक ब्रेकचा. दुसरा इंजिनाच्या तेलात टिकणारा, पण ब्रेकच्या तेलात महिन्या-दोन महिन्यांत वाया जाणारा. दुसरा तिने उचलला. मग लक्षात आलं, हा बसवला तर चुकीचं रबर घालणारे खरंच आपल्या घरचे ठरतील. सात वर्षांचं खोटं आपणच खरं करून द्यायचं? तिने तो खणात परत टाकला.

मग तिने गाडीच्या ब्रेकचं रबर न् रबर काढलं, नळ्या धुतल्या आणि सगळं तसंच उघडं ठेवून हात पुसले.

“नवीन रबर बसवते. आधी गॅरेजात जाऊन सगळ्यांसमोर सांगा, चूक कुणाची होती ते.”

“घरी येऊन त्याला सांगतो ना मी.”

“घरी नाही. जिथे बोललात तिथे.”

“जाऊ कसा? गाडी नाही.”

“पायी.”

चढाचा रस्ता होता, ऊन होतं. दीर गेला. दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती, आणि तिला जराही दया आली नाही.

दोन तासांनी गॅरेजातल्या सगळ्यात जुन्या कारागिराचा फोन आला. “बोलला. मान खाली घालून बोलला. धाकट्याला म्हणावं, त्याची हत्यारं मी जपून ठेवलीत.”

तिने योग्य रबर बसवलं, ब्रेक तीनदा तपासले. मग बरणी उघडून तो फुगलेला वॉशर दिराच्या गाडीच्या किल्लीच्या कडीत ओवला आणि कडी पकडीने दाबून कायमची बंद केली.