आबाजींची तिरडी

चिखलीत कुणी गेलं की पहिला सांगावा आबाजींकडे यायचा. दिल्या घरच्या लेकींनाही त्यानंतरच कळवलं जायचं. आबाजी हातातला घास ताटात ठेवून उठायचे, कोयता आणि सुतळीचा गुंडा काखोटीला मारून निघायचे आणि अर्ध्या तासात त्या दारात तिरडी बांधून तयार असायची. मानमोडीच्या साथीत घरटी माणसं जाऊ लागली तेव्हा ऐन तिशीत त्यांनी हे काम अंगावर घेतलं आणि पुढं अडतीस वर्षं कुणाच्या घरचा घोटभर चहासुद्धा न घेता केलं. पिंपरीला कारखाना निघाल्यावर तिकडच्या खोल्यांतून कोकणातला एखादा कामगार तापानं जायचा, जवळचं कुणी नसायचं. मग आबाजी तिकडंही चालत जायचे.

आज आबाजीच गेले होते. दुपार कलली होती, अंगणात दोन लांब कळक आडवे पडले होते आणि जमलेल्या पन्नास माणसांत एकालाही तिरडी बांधता येत नव्हती.

पुतण्या चिमाजीचं डोकं सणकलं होतं. त्याचे आईबाप साथीतच गेले, तेव्हापासून आबाजींनीच त्याला वाढवलं होतं. अख्ख्या गावाला नीट पोचवणारा माणूस स्वतःही नीट पोचावा, दिवस बुडायच्या आत घाटावर जावा, एवढंच त्याचं मागणं होतं. तेवढंही होईल असं दिसत नव्हतं.

सरपंच नानासाहेब मात्र उंबऱ्याजवळ उभे राहून बोलत होते. आबाजी म्हणजे गावाचा आधार, असा परोपकारी माणूस पुन्हा होणे नाही, त्यांच्या नावानं चावडीत तसबीर लावू, वगैरे. माणसं माना डोलवत होती. एक पट्ठ्या डोळे पुसत होता, पण त्याच्या पायाशी पडलेल्या सुतळीला काही हात लावत नव्हता. आतून सोजराबाईंनी, आबाजींच्या बायकोनं, दोनदा विचारून घेतलं, झालं का म्हणून. चिमाजीनं दोन्ही वेळा होतंय असं सांगितलं आणि दोन्ही वेळा त्याला स्वतःचीच चीड आली.

तसं पाहिलं तर तिरडी बांधणं म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. दोन कळक, सात आडव्या कामट्या, वर कडबा. पण कामटी सरकू नये अशी गाठ मारावी लागते आणि ती गाठ सवडीनं शिकायची सोय नाही. दारात मयत नसताना तिरडी बांधणं अभद्र. चिखलीत तर रिकाम्या वेळी कुणी तसे कळकही शेजारीशेजारी ठेवत नसे. त्यामुळं शिकायचं तर मयताच्याच दिवशी, आणि त्या दिवशी आबाजी असायचेच.

शेवटी चिमाजीनं आणि दौलतरावानं मिळून कशीबशी बांधली. दौलतराव आबाजींच्या बरोबरीचा, शेजारचा. त्यानं बैल बांधायची गाठ मारली, चिमाजीनं मोटेच्या दोराची. उचलून पाहिली, तर करकरली. तरी वेळ नव्हता. उचलली.

वेस ओलांडून इंद्रायणीच्या उताराला लागले आणि मधली कामटी सुटली. मागोमाग दुसरी. आबाजी कमरेतून खाली लोंबले. खांदेकरी जागीच थबकले, सरणापर्यंत मयत भुईला टेकवायचं नाही ही गावची रीत आणि पुढं तर नेता येत नाही.

"आबाजींना बोलवा रे कुणीतरी," मागून एकजण सवयीनं बोलून गेला.

बोलणाऱ्यानं मान खाली घातली. चिमाजीला मात्र राहवलं नाही.

"अडतीस वर्षं त्यांनी तुमची मढी बांधली," तो म्हणाला. "एकानं तरी कधी सुतळीचं दुसरं टोक धरलं का?"

खांद्यावरचा कळक सावरत दौलतराव हळूच म्हणाला, "धरू दिलं न्हाई त्यानं, चिमा. माझा बाप गेला तवा मी खाली बसलो व्हतो सुतळी घ्यायला. उठवलं मला. तुला तरी कदी हात लावू दिला का?"

नव्हता दिला. विशीत असताना चिमाजीनं मागितलं होतं शिकवा म्हणून. तुझ्या हाताला हे काम नको, एवढंच म्हणून आबाजींनी कळक स्वतःकडे ओढले होते. त्या दिवशी चिमाजीला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही त्याला आता आठवलं आणि त्याचा राग कुणावर काढावा तेच कळेना.

त्यानं खांद्यावरचा कळक दुसऱ्याच्या हाती दिला, वाकला आणि दोन्ही हात आबाजींच्या पाठीखाली घातले. दौलतरावानं पाय धरले. मग ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं हात घातला. नानासाहेबांनी धोतराचा सोगा खोचला आणि तेही खाली शिरले. अशी ती वीसबावीस माणसं एकमेकांच्या पायात पाय अडकवत, शिव्या गिळत उतार उतरली. कुणाला खांदा देऊन बाजूला होता येईना. हात काढला की शेजारच्यावर भार जायचा.

सूर्य टेकायला आला तेव्हा घाटावर पोचले. सरण रचायचं होतं. रचून होईपर्यंत तसंच धरून उभं राहावं लागलं आणि उभे राहिले. म्हाताऱ्या दौलतरावाचे दंड थरथरत होते, तरी त्यानं हात काढला नाही.

चिमाजीचा चेहरा आबाजींच्या कानापाशी होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं त्यांना अरेतुरे केलं.

"आबा," तो म्हणाला, "जिवंतपणी धरू द्यायचं व्हतंस रं."

मग त्यानं हात आणखी आत सरकवले, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना सरणावर ठेवलं.