धोरणाच्या विरुद्ध

"कडा नीट दाब, नाहीतर उकळताना फुटतील," एथल म्हणाली, पण व्हर्ना हुडाकचं लक्ष दाराकडे होतं. चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या विक्रीसाठी बाया बटाट्याचं सारण भरून करंजीसारख्या पिरोगी वळत होत्या, आणि दारात युनियनचा गस पेट्रिला टोपी हातात घेऊन उभा होता.

"हरलो ना?" तिनंच विचारलं.

"बाहेर ये, सांगतो."

"इथंच सांग. गावात कुणाला माहीत नाही असं काय उरलंय?"

गस खाली बघत म्हणाला, "लवादाचा निकाल कोर्टानं रद्द केला. तुला परत घ्यायचं नाही."

कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर त्या खोऱ्यात काउंटीचा, म्हणजे जिल्हा सरकारचा, वृद्धाश्रम तेवढा चालू राहिला होता. व्हर्नाची निम्मी हयात तिथे म्हाताऱ्यांना उठवण्या-निजवण्यात गेली. एका सकाळी ती लेझर नावाच्या म्हाताऱ्याला आंघोळ घालत होती. त्याला काही आठवत नसे, पण अंगात जोर खाणकामगाराचाच होता. त्यानं तिचे केस मुठीत धरून डोकं नळावर आपटलं, आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. तिथे तिसरं कुणी नव्हतं. टॉवेल गुंडाळून त्याला अंथरुणावर बसवलं आणि तिनं स्वतः जाऊन वरिष्ठ नर्सला सांगितलं.

काउंटीनं तिला काढून टाकलं. युनियननं प्रकरण लवादाकडे नेलं. लवादापुढे लेझरची मुलगी आली. ती म्हणाली, "बाबांवर मीही हात उगारलाय. मला कुणी लेकीच्या जागेवरून काढलं नाही." लवादानं ठरवलं, चूक मोठी आहे, पण बाईनं काही लपवलं नाही, इतके महिने बिनपगारी घरी बसली ही शिक्षा पुरे, तिला कामावर घ्या. काउंटी कोर्टात गेली.

"लवादाचा शब्द शेवटचा असतो म्हणाला होतास," व्हर्ना म्हणाली.

"असतो. पण सार्वजनिक धोरणाच्या आड आला की नसतो. दुबळ्या माणसांना जपायचं हे राज्याचं धोरण. त्यांच्यावर हात उचललेल्या बाईला पुन्हा त्यांच्यातच पाठवायचं, हे त्या धोरणाच्या विरुद्ध."

"म्हणजे लवाद चुकला?"

"तसं नाही म्हणालं कोर्ट. नुसता चुकला असता तर त्यांनी निकालाला हातही लावला नसता."

"म्हणजे मीच धोरणाच्या विरुद्ध."

एथलनं पिठाचा गोळा आपटला. "धोरणाला म्हणावं, ये एकदा, धू म्हाताऱ्यांची ढुंगणं!"

बाया हसल्या. व्हर्ना हसली नाही. "राहू दे एथल. मारलं तर मीच ना! तो घाबरून 'आई' म्हणाला होता गं."

हे तिनं लवादालाही सांगितलं नव्हतं. टेबलाभोवतीचे हात थांबले.

"वरच्या कोर्टात जाऊ," गस पुटपुटला.

वरच्या कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. खोऱ्याबाहेरच्या कुठल्या आश्रमानंही तिला दारात उभं केलं नाही. ती एका धुलाईच्या कारखान्यात हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालू लागली.

हिवाळा सरता सरता तिच्या नवऱ्याला, एमिलला, झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. कामावर जायचं तर त्याला घरी सांभाळणार कोण? खोऱ्यात आश्रम एकच होता.

व्यवस्थापक अदबीनं बोलला. "केव्हाही भेटायला या, मिसेस हुडाक. फक्त भरवणं, उचलणं, पुसणं आमच्या माणसांवर सोडा. कोर्टाचा निकाल आहे, तुम्ही समजून घ्याल."

"समजते," ती म्हणाली.

रविवारी दुपारी जेवणाच्या दालनात ती एमिलसमोर बसली. एक नवी मदतनीस त्याला सूप भरवत होती. बाई वाईट नव्हती, पण तिच्या वाट्याला आणखी तीन टेबलं होती. पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत ती दुसरा चमचा पुढे करी. एमिलला ठसका लागला. सूप हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. त्यानं व्हर्नाकडे पाहिलं.

व्हर्नाचा हात रुमालाकडे गेला. दाराशी वरिष्ठ नर्स उभी होती. ती तिच्याकडेच बघत होती.

"जरा दमानं भरव गं," व्हर्ना म्हणाली.

"हो हो," म्हणत बाईनं पुढचा चमचा भरला.

एमिलनं तोंड उघडलं. व्हर्ना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.