आधी ओलेत्यानं, मग कोरड्यानं

राजूरजवळच्या माळावर कल्याणमहाराजांच्या मठापुढं ऐन थंडीत पाय ठेवायला जागा नव्हती. काळीज कमजोर झालेली माणसं इथं येत. शिष्य मोबाईलवर सहा मिनिटं लावी, रोगी अंगणात चाले आणि पोचेल तिथं चुना टाकला जाई. मग महाराज अंगारा चारत आणि दुसरी चाल होई. रोगी चुन्याच्या कितीतरी पुढं जाई. अंगाऱ्यानं काळजात इंजिन बसतं, तेही डिझेलवाचून, असं महाराज सांगत आणि गर्दी हात जोडी.

निकितानं हात जोडले नाहीत. केडगावच्या दवाखान्यात ती हृदयरोग्यांकडून व्यायाम करून घेई आणि हीच सहा मिनिटांची चाल मोजी. तिच्या वडिलांनी, छगनरावांनी, गोळ्या घेत, रोज थोडं थोडं चालत काही महिन्यांत दम कमावला होता. मग ते इथं आले, एका दुपारीत 'बरे' झाले आणि गोळ्या, व्यायाम सगळं सोडून बसले. पाय सुजले, छातीत पाणी भरलं आणि ते दिवाळीआधीच गेले. आज त्याच रांगेत तिचा सहादेवमामा उभा होता, काळीज तसंच थकलेलं. त्याला परत न्यायचं होतंच. पण खरं सांगायचं तर महाराजांचं नाक कापल्याशिवाय तिला परत जायचंच नव्हतं.

सकाळभर बघून तिला यातली मेख सापडली होती. पहिली चाल नवसाची, म्हणून घागरभर गार पाणी अंगावर घेऊन ओलेत्यानं, अनवाणी. दुसरी प्रसादाची, म्हणून गूळपाणी पिऊन, कोरडे कपडे आणि वहाणा घालून. नवस ओलेत्यानंच फेडायचा असतो, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

"मामा घाबरलाय, महाराज," ती गोड आवाजात म्हणाली. "आधी तुम्हीच चालून दाखवा."

एवढ्या लोकांपुढं महाराज फुगले. घागर अंगावर घेतली आणि निघाले. ओलं धोतर पायांत अडकलं, खडे टोचले, दात वाजले. चुना पडला. मग कोरडी कफनी, वहाणा, गूळपाणी, आणि महाराज ताठ मानेनं चुना ओलांडून फाटकापर्यंत गेले. जयजयकार झाला.

गडबडीत शिष्याकडून मागून घेतलेली वाटी निकितानं वर केली. "अंगारा इथंच आहे. महाराजांनी तो खाल्लाच नाही. मग इंजिन कुणी बसवलं?"

"आमच्या अंगात त्यो मुळातच हाय," महाराज पुटपुटले.

"मग आता पोटभर खा आणि पुन्हा ओलेत्यानं चाला."

महाराज मागं सरले, पण लोकांनीच घागर पुढं केली. अंगाऱ्यानं तोंड माखलेले महाराज कुडकुडत चालले आणि पहिल्या चुन्याच्याही अलीकडं धापा टाकत बसले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. निकितानं ते हसू मनसोक्त ऐकलं.

"पोरी, माफ कर," ते हळूच म्हणाले.

"माफ करायला माझे वडील हवे होते," ती म्हणाली आणि तिनं सगळ्यांसमोर पोलिसांना फोन लावला.

सहादेवमामा खाली मान घालून आला. "निके, गोळ्या पिशवीतच हायत. टाकल्या न्हाईत अजून." त्यानं मठाच्याच गूळपाण्याबरोबर गोळी घेतली.

थकलेलं काळीज एका दुपारीत सुधारत नाही. त्याला गोळ्या लागतात, डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोजचं चालणं लागतं आणि धीर लागतो. गुण आला का हे बघायचं, तर आधी आणि नंतर अगदी सारखंच मोजा: तीच वाट, तेच कपडे, त्याच वहाणा. जिथं असं मोजू देत नाहीत, तिथून आपला माणूस हाताला धरून घरी आणा, जिवंत आहे तोवर.