उजव्या बाहीवरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी बाही आहे. ज्युदो खेळताना घालतात त्या जाड, पांढऱ्या अंगरख्याची उजवी बाही. दिवसभर मी अर्धवट झोपेत असते, आणि त्या झोपेत मला जुने दिवस दिसतात.

माझा जन्म सुरतेतल्या डिंडोलीचा. इथे जिकडेतिकडे साड्यांचं चकचकीत, निसरडं कापड. ज्युदोत ते हातात ठरत नाही. म्हणून मला घालणाऱ्या योगिताच्या आईने, प्रमिलाबाईंनी, अमळनेरहून सुती मांजरपाट मागवला. त्याचे दोन थर एकावर एक ठेवून गोधडीला घालतात तसे दाट धावदोरे घातले. मला मात्र त्यांनी मुद्दाम लांब कापलं आणि जास्तीचं कापड आत दुमडून टीप मारली.

"आई, केवढी लांब! सगळ्या हसतील मला," योगिता म्हणाली.

"हासू दे. तू वाढशी, बाह्या वाढतीन का?" दाताने दोरा तोडत प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्या दुमडीमुळे माझं तोंड जाड आणि पक्कं झालं. आत बोटं घातली की निसटत नसत.

गजेंद्रसर लूमच्या एका खात्याच्या, म्हणजे कारखान्याच्या, माळ्यावर मुलींना ज्युदो शिकवत. खाली यंत्रमाग खटखटत आणि वर जमीन सतत थरथरत राही. मुली त्यातच वाढलेल्या. माग बंद पडले तरच त्या दचकत. योगिताची जोडीदार होती शेजारची गुजराती मुलगी, चैताली.

१९९६ च्या हिवाळ्यात सरांनी बाहीची पकड शिकवली. चैताली उताणी पडली. योगिताने डावा हात तिच्या मानेखालून घातला आणि त्या हाताची चार बोटं माझ्या तोंडात अडकवली. उजवा हात चैतालीच्या गळ्यावरून पलीकडे नेला. "घसा दाबायचा नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो," सर म्हणाले. "आणि तिने गादीवर थापटलं की लगेच सोडायचं."

चैतालीची नाडी मला स्पष्ट जाणवत होती. तिने थापटलं. पण खाली माग चालू होते, आणि गादी आधीच थरथरत होती. त्या थरथरीत तिचा हात विरघळून गेला. योगिता खुणेची वाट पाहत राहिली. मग झोपी जाणाऱ्या बाळाची मूठ सुटते, तसा चैतालीच्या मानेतला ताण ओसरला.

"सोड!" सर ओरडत धावले.

क्षणभराने चैतालीने डोळे उघडले. "तापीत कुणीतरी पांढरं कापड सोडलंय," ती हळूच म्हणाली. "संपतच नाही." सरांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. तिला काही झालं नव्हतं.

झालं होतं ते योगिताला. ती माळ्यावर जाईना. मी घरी खिळ्यावर लटकले. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या तोंडावर जाळं विणलं. एकदा प्रमिलाबाईंनी गळ्यातली पोत बांधून द्यायला सांगितली, तर ती मागे सरली.

"तुले काय व्हयनं?"

"नको आई. मला माझ्याच हातांची भीती वाटते."

शेवटी एका सकाळी चैतालीच आली. "अली, हुं जीवती छुं! भूत बघितल्यासारखी काय बघतेस?" तिने मला खिळ्यावरून काढून झटकलं. "सर म्हणाले, आता गादीवर थापटायचं नाही. जिने पकडलंय, तिच्या बाहीवर."

"आणि तुला परत ते कापड दिसलं तर?"

"तर त्यातून तुझ्यासाठी एक ड्रेसपीस फाडून आणीन. चल."

माळ्यावर सर गुडघे टेकून जवळ बसले. योगिताची बोटं माझ्यात शिरली तेव्हा थंडगार होती. तिने दाब दिला, पण अगदी नावापुरता.

"ही तर मावशीची मिठी झाली," चैताली खालून म्हणाली. "घट्ट कर."

योगिताने श्वास आत घेतला आणि मनगटं वळवली. खाली माग खडखडत होते. मग चैतालीचा तळवा माझ्यावर टेकला. सुती कापडातून तो योगिताच्या दंडापर्यंत पोहोचला. तो पुन्हा उचलला जाण्याआधीच तिची बोटं सुटली होती.

"आता माझी पाळी," म्हणत चैताली उठून बसली, आणि योगिताने तिच्यासमोर मान पुढे केली.

पुढे योगिता वाढली तशी माझी दुमड उसवत गेली. आम्ही स्पर्धा पाहिल्या, टाळ्या ऐकल्या. आता माझे धावदोरे विरलेत आणि योगिता स्वतः शिकवते. नव्या मुलींना ती लगेच पकड शिकवत नाही. आधी एकीला मला घालायला देते, डोळे मिटायला सांगते, आणि दुसरीला माझ्यावर हात ठेवायला लावते. "केव्हा टेकला ते सांग," म्हणते. हात दर वेळी थोडा अधिक हलका होतो.

मित्रांनो, मला धूत जा, सावलीत वाळवत जा, उसवले तर टाका घाला. पण मला अंगात घालाल तेव्हा जोडीदाराचा हात हलका असतानाच ओळखा. जोरात थापटायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.