रिकामा चमचा

स्वतःच्या पँटची शिवण चौथ्यांदा उसवताना शिंप्याने बायकोला बजावलं, "आता पोट उतरलं नाही ना, तर डोक्याच्या गोळ्या सोडणार मी."

मागे त्याने गोळ्या गुपचूप सोडल्या होत्या. आठवडाभर डोळ्याला डोळा न लावता गिऱ्हाइकांचं कापड कापत सुटला आणि शेवटी दवाखान्यात भरती करावं लागलं. गोळ्यांनी डोकं ताळ्यावर आणलं खरं, पण वजन आणि साखर वाढवून ठेवली.

मग गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच नवा आहार आखून दिला. धान्य, बटाटा, गोड बंद. अंडी, लोणी, मासे, पालेभाज्या चालू. "गोळी मात्र मला विचारल्याशिवाय अर्धीही कमी करायची नाही," असं ठणकावूनच. लघवीत बुडवलेली पट्टी जांभळी झाली, की शरीर चरबी जाळतंय असं समजायचं.

पाच आठवडे पट्टी जांभळी. सहाव्यात जी फिकी पडली, ती पडलीच. बायको डोळ्यांत तेल घालून बसली. बिस्किटांचा डबा पाहिला, खिसे चाचपले.

"पाळत ठेवतेस माझ्यावर?"

"ठेवते. का, चोर आहात?"

"चोर असतो तर पोट तरी भरलं असतं."

चोरी दुपारी सापडली, तीही उघड्यावर. दोन वर्षांची लेक हल्ली जेवताना अडून बसायची, "आधी बाबा." मग एक घास बाबाला, एक तिला. वाटीतला निम्मा मऊ भात बाबाच्याच पोटात.

"अहो, काय खाताय?"

"मी कुठे खातोय? हिला भरवतोय."

आणि मग त्याचा चमचा हवेतच थांबला.

दुसऱ्या दिवसापासून तो रिकामा चमचा तोंडात घालून अशा मिटक्या मारू लागला, की लेक खिदळत वाटी चाटूनपुसून संपवायची. चौथ्या दिवशी पट्टी जांभळी.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "साखर उतरलीय. वजन नऊ किलोंनी कमी. आणि गोळ्या?"

"चालू आहेत," बायको म्हणाली.

"मला बोलू दे की," शिंपी म्हणाला. "चालू आहेत, चालूच राहतील. माझं भांडण पँटशी होतं."

घरी येताच त्याने तीच पँट मशीनवर घेतली. इतके दिवस पोटाने अडवलेल्या मांडीवर लेक ऐसपैस बसली होती.

"शिवण कच्चीच मारा," बायको म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत आत घ्यायचीय."