गेणभाऊच्या टेपमधला लोहचुंबक

मित्रांनो, काळा, जड, मधोमध भोक असलेला, मेदुवड्याएवढा एखादा गोल तुकडा कुठे पडलेला दिसला आणि त्याला चार-दोन खिळे चिकटलेले असले, तर तो माझ्याच जातीचा समजा. मी स्पीकरमधला लोहचुंबक. आता वय झालं आहे, एका कडेचा टवका उडाला आहे, पण अंगातली ओढ अजून तशीच आहे. त्या ओढीपायी माझ्याकडून जे घडलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म मातीच्या भांड्यासारखा झाला. लोखंडाच्या गंजाची भुकटी आणि तिच्यात आणखी एक पांढरी भुकटी मिसळली, साच्यात दाबली, भट्टीत भाजली. बाहेर आलो तेव्हा मी नुसता दगड होतो. अंगातले कण ज्याच्या त्याच्या दिशेला तोंड करून बसलेले. मग माझ्याभोवती तारेचं वेटोळं ठेवून त्यातून क्षणभर विजेचा मोठा प्रवाह सोडला. त्यासरशी सगळे कण एका दिशेला वळले, ते आजतागायत मागे फिरलेले नाहीत.

पुढे माझी गाठ तांब्याच्या तारेशी पडली. तांब्याला माझी ओढ नाही, पण वीज त्याच्यातून पाण्यासारखी वाहते. माझ्यातून ती वाहत नाही. माझ्याजवळच्या वेटोळ्यातून वीज कमी-जास्त होत धावली, की ते थरथरायचं. त्याला चिकटवलेला कागदाचा पडदा थरथरायचा आणि खोलीत माणसाचा आवाज उमटायचा. आमच्यातल्या कुणाही एकट्याला बोलता येत नव्हतं.

ज्या टेपरेकॉर्डरमध्ये मी होतो, तो गेणभाऊने घेतला. शिनोलीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत त्याचं घर. पावसाळ्यात भात आणि नाचणी, उन्हाळ्याआधी हिरडा गोळा करायचा, असा त्याचा संसार. एकदा त्याने कोऱ्या कॅसेटवर आपल्या चार वर्षांच्या लेकीला, उज्ज्वलाला, भातांची नावं शिकवली. रायभोग, जिरवेल, कोळपी, आंबेमोहर. ती ‘आंबेमोर’ म्हणाली आणि गेणभाऊ पोट धरून हसला. ते हसू टेपवर राहिलं.

पुढच्याच वर्षी हिरड्याच्या झाडावरून पडून गेणभाऊ गेला.

त्यानंतर त्याची बायको चिमाबाई दर दिवाळीला ती कॅसेट लावायची. मी गेणभाऊला हसवायचो, आणि मायलेकी माझ्यासमोर गप्प बसून ऐकायच्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यात याहून मोठा मान मला मिळाला नाही.

वर्षं गेली. टेपचे पट्टे झिजले, कागदाचा पडदा उंदरांनी कुरतडला. यंदा उज्ज्वलाचं लग्न ठरलं. हळदीला बापाचा आवाज ऐकवायचा, म्हणून चिमाबाई बंद पडलेला टेप आणि कॅसेट पिशवीत घालून जुन्नरला आली. तिथे जलालभाई जुने रेडिओ आणि टेप दुरुस्त करतात.

“हा टेप आता राहू द्या, ताई,” त्यांनी सांगितलं. “याच्यात काय राहिलं न्हाई. माझ्याकडच्या मशिनीवर कॅसेट वाजवतो आन् तुमच्या मोबाईलमधी भरून देतो.”

त्यांनी कॅसेट थोडीशी चालवून पाहिली, आवाज आहे म्हणाले आणि थांबवली. “बेस्तरवारी या. सावकाश, नीट भरून ठेवतो.”

जुना टेप त्यांनी सुट्या भागांसाठी उघडला. पडदा फेकला, मला सोडवून टेबलावर ठेवलं. सांडलेले स्क्रू गोळा करायला मी बरा पडायचो.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको सायराबानू दुकानात टेबल पुसायला आल्या. कॅसेट अगदी कडेला होती. पडून फुटेल म्हणून त्यांनी ती उचलली आणि काळजीने माझ्यावर ठेवली.

मित्रांनो, कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेली गंजाची भुकटी, माझीच भावकी. पण तिचे कण माझ्यासारखे हट्टी नसतात. आवाज येईल तसे ते वळतात आणि तसेच राहतात, म्हणून तिला आठवण असते. मी तिच्या एका चक्रीला चिकटून दोन दिवस होतो. तिचे कण एकेक करून माझ्या दिशेला वळत होते. मला ते कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. ओढणं एवढंच मला येतं.

गुरुवारी चिमाबाई आली. जलालभाईंनी कॅसेट माझ्यावर पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मशिनीत घातली, तर नुसती खरखर.

“ताई, तुमच्या मालकांचा आवाज पुसला गेला,” ते म्हणाले. “लोहचुंबक मी उघडा ठेवला. चूक माझी हाय.”

“मी ठेवली व्हती त्याच्यावर,” मागून सायराबानू म्हणाल्या. “मला ठाव नव्हतं.”

“तुला मी कधी सांगितलंच न्हाई,” जलालभाई म्हणाले.

चिमाबाई मशिनीजवळ सरकली. मग म्हणाली, “सगळंच गेलं का, भाऊ?”

जलालभाईंनी फीत उलटी फिरवली. त्या दिवशी चालवून पाहिलेला सुरुवातीचा तुकडा दुसऱ्या चक्रीवर, माझ्यापासून दूर होता. तेवढाच वाचला होता. खरखरीतून गेणभाऊ लांबून बोलला, “झालं का गं चालू? लाल दिवा लागला का?” त्यावर तरुण चिमाबाईचा आवाज आला, “लागला. बोला की आता.”

त्यापुढे भातांची नावं नव्हती. हसू नव्हतं.

सायराबानूंनी डोळ्याला पदर लावला. चिमाबाई म्हणाली, “परत लावा.” जलालभाईंनी परत लावलं. चार वेळा लावलं. पाचव्या वेळी गेणभाऊने विचारल्यावर चिमाबाईचे ओठही हलले.

“एवढंच भरून द्या,” ती म्हणाली. “पोरीला सांगन, तुझा बा बोलायला बसला व्हता.”

मित्रांनो, मला दोष द्या, पण मला ओळखूनही घ्या. माझ्याजवळ काय ठेवता ते पाहत जा, आणि आम्ही कोण आहोत ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तुमच्या घरात एखादा आवाज एकाच कॅसेटवर असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करा. मी गेणभाऊला कितीतरी दिवाळ्या हसवलं, पण त्यातलं एकही हसू मला परत देता येत नाही.